गाईच्या ढेकरातला मिथेन आणि हर्बल भुकटी: विदर्भात चालेल का?

गवळाऊवाला, आर्वी
बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने 2021 मध्ये 'हरित धारा' नावाचं पशुखाद्यपूरक आणलं. टॅनिन (तुरट द्रव्य) आणि सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) असलेल्या वनस्पतींपासून बनवलेलं. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो असं संस्था सांगते, भाव तेव्हा सहा रुपये किलो सांगितला होता. जनावराच्या पोटात चारा आंबताना हायड्रोजन सुटतो, सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि तो ढेकरातून बाहेर पडून हवा तापवतो. म्हणजे आपल्याच चाऱ्याची ताकद हवेत जाते. माझं म्हणणं, दूध संघांनी ही भुकटी ढेपेसोबत गोठ्यात पोचवावी.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
ढेकर मोजता, मंग गव्हाण काहून पाहत नाही? उन्हाळ्यात आमच्याइकडे सोयाबीनचं कुटार, म्हंजे भुसा. गाय फुंकून फुंकून माती उडवते अन् तुरीचा पाला तेवढा येचून खाते. तिले अजून तुरट भुकटी चारू? सरकी ढेपेचा भाव इचारा आधी. एसीवाल्याले कोणी काही म्हणत नाही, गरिबाची गाय तेवढी सापडते.

गवळाऊवाला
भाऊ, फायदा तुमचाच आहे. वाचलेली ऊर्जा दुधात येईल.

ढोरांचा डॉक्टर
इथे जरा हिशोब करू. मिथेनमधून खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण 6 टक्के जाते. त्यातला पाचवा हिस्सा वाचला तरी एकूण ऊर्जेचा जेमतेम एक टक्का. चरवीत तो दिसणार नाही, दुधाचं आमिष दाखवू नका.
आणि 'हर्बल' वाचून कोणी बाभळीच्या शेंगा नाहीतर हिरडा मनाने कुटून घालू नका. टॅनिन जास्त झालं की प्रथिनं बांधली जातात, खाणं उतरतं. मोहाच्या ढेपेतही सॅपोनिन असतं, तीच ढेप तळ्यात मासे मारायला वापरतात! तीन महिन्यांखालच्या वासराला हरित धारा द्यायचीच नाही, त्याचं पोट अजून तयार नसतं.

अमरावतीकर पोरगा
डॉक्टर, दूध सोडा, हवेचं बोला. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, पण हवेत बाराएक वर्षंच टिकतो. आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत. 2019 च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून 30 कोटी. पाऊस लहरी झाला की आधी मरतो कोरडवाहूवालाच ना?

पऱ्हाटीवाला
मरतो आम्हीच, अन् पैसाबी आम्हीच देऊ? व्वा रे हिशोब!

तणसवाली, लाखनी
भंडाऱ्याकडे तणसच, म्हणजे भाताचा पेंढाच जास्त. 100 किलो तणसावर 4 किलो युरिया पाण्यात नीट विरघळवून शिंपडतो, ताडपत्रीखाली दाबून 21 दिवस ठेवतो. पचतं चांगलं, दूध वाढतं, मग लिटरमागे मिथेनही कमीच. भुकटीआधी हे शिकवा. फक्त युरियाचं पाणी ढोरांच्या तोंडाला लागू देऊ नका, विषबाधा होते.

गवळाऊवाला
ताई, दोन्ही का नको? भुकटीचा खर्च कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे हवा तापवणारा वायू कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातून, निघू शकतो.

पऱ्हाटीवाला
क्रेडिट पासबुकात दिसलं की त्याच सांजेले चारतो. तवरोक संघाले म्हणा, ढेप उधार द्या.