फाल्गुनात धरलेली परसबाग : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

सांगली, विश्रामबाग

परसबाग पावसाळ्यात धरावी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पाऊस आयते पाणी देतो हे खरे. परंतु त्याच पावसात तण वाफा गिळून टाकते, आपल्या काळ्या मातीत पाणी साचून रोपांची मुळे कुजतात आणि चिखलामुळे कित्येक दिवस परसात पाऊल टाकता येत नाही. म्हणून ज्यांना पहिल्यांदाच भाजीपाला लावायचा आहे, त्यांनी होळीच्या सुमारास सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवसांत माती हाताखाली मोकळी असते, तण कमी असते आणि पाणी आपण देऊ तेवढेच पडते, त्यामुळे रोपाला किती लागते हे नवख्या माणसालाही लवकर समजते. शिवाय ऊन चढण्यापूर्वी परसात जाणे भाग पडते आणि पहाटे उठण्याची सवय आपोआप लागते.

मात्र आपला वसंत सौम्य नसतो. चैत्रात पारा चाळिशीकडे सरकतो, त्यामुळे या हंगामात भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी आणि कारली यांच्यावर भर द्यावा. मेथी-कोथिंबीर हवीच असेल, तर ती दुपारची सावली मिळेल अशा कोपऱ्यात पेरावी. उघड्या उन्हात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते. आपली माती, पाण्याची सोय आणि या दिवसांतला सकाळचा क्रम यांविषयी दोन्ही जिल्ह्यांतील मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सातारा, अजिंक्यताऱ्याचा पायथा

आमच्याकडे काळी माती नाही. वीतभर खणले की मुरूम लागतो आणि पाणी घातले की ते क्षणात खाली निघून जाते. अशा जागी जमिनीत खोल जाण्याऐवजी वर चढावे, हे आम्हाला शेजारच्या आजींनी शिकवले. मुरमावरच विटांची एक फूट उंच कड रचून त्यात शेणखत, पालापाचोळा आणि विकत आणलेली पोयट्याची माती भरली. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी अर्धा ते एक इंच खोल टोकले, तर ते आठवड्याच्या आत वर येते आणि साधारण दीड महिन्यात पहिली भेंडी तोडायला मिळते. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एखादी पानाआड राहून गेली की जून होते आणि झाडाचा जोर बियांकडे वळतो.

डोंगरावरून मोर खाली येतात आणि कोवळी रोपे टिपतात, म्हणून पहिले तीन आठवडे वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून ठेवतो. मोरांना हुसकावण्याचा विचार मात्र मनात येत नाही, कारण मोहरलेल्या आंब्याखाली चहाचा पेला हातात घेऊन त्यांची केका ऐकणे, हे आमच्या घरातल्या सर्वांचे फाल्गुनातले ठरलेले सुख आहे.

विटा

आमचा प्रश्न मातीचा नसून पाण्याचा आहे. टेंभू योजनेमुळे शेतांना कृष्णेचे पाणी मिळू लागले, तरी घरच्या परसाला उन्हाळ्यात बोअरचे जड पाणीच द्यावे लागते आणि त्यामुळे मातीवर पांढरा थर धरतो. यावर आम्ही कुंभाराकडचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि भोवती लावलेल्या काकडीच्या चार वेलांची मुळे ते हवे तसे ओढून घेतात. या मडक्यात आम्ही तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी गाळून ओततो. तोंडावर झाकण अवश्य ठेवावे, नाहीतर डास होतात.

मिरज

दुधीला फुले भरपूर लागतात, पण फळ धरत नाही, अशी तक्रार मी दर वर्षी कोणाकडून तरी ऐकते. म्हणून त्याच एका गोष्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिते. वेलावर सुरुवातीला येणारी फुले बहुतेक नर असतात आणि ती गळून पडणे हा रोग नव्हे. लांब, बारीक देठावर नुसते फूल असते ते नरफूल; मादीफुलाच्या मागे करंगळीएवढा, मऊ लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो. परागीकरण झाले नाही, तर तो पिवळा पडतो आणि टोकाकडून सुकत जातो.

दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्यावर रात्री पतंग येतात. चारी बाजूंनी घरे, रात्रभर दिव्यांचा उजेड, अशा वस्तीत पतंग पुरेसे येतील याची खात्री नसते, म्हणून हे काम मी स्वतः करते. दिवेलागणीच्या वेळी ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाने भरलेला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. बोटाला पिवळसर भुकटी लागली, म्हणजे पराग तयार आहे असे समजावे. दोडक्याचे फूलही संध्याकाळीच उमलते. काकडी आणि कारली यांची फुले मात्र सकाळी उमलतात, तेव्हा त्यांच्यासाठी पहाटेची वेळ राखावी. हळद-कुंकवाला आलेल्या शेजारणींना मी हे करून दाखवले आणि आता गल्लीतल्या बहुतेक मांडवांवर दुधी लोंबतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

वाळवा तालुका

आमच्या भागात उसाचे पाचट मुबलक मिळते आणि ते पेटवून देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. परसबागेसाठी मात्र त्याच्यासारखे आच्छादन दुसरे नाही. वाफ्यात रोपांच्या भोवती चार बोटे जाड पाचट पसरले, की ओल टिकते, तण दबते आणि पावसाळा संपेपर्यंत त्याचे खत होऊन जाते. पाचट खोडाला चिकटवू नये, दोन बोटे अंतर ठेवावे, एवढीच काळजी घ्यावी.

भेंडीवर पांढरी माशी आली, तर पाने पिवळी पाडणारा हळद्या रोग पाठोपाठ येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड वाचत नाही, ते उपटून लांब टाकावे. माशीसाठी आम्ही पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची आणि सकाळी फडक्याने गाळून घ्यायची. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात, त्यामुळे पुढच्या वसंताची सोय आदल्या वर्षीच वाळवून ठेवावी लागते. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हात अर्काचा गुण लवकर जातो.

वाई

आमच्या घरी वसंताची सुरुवात पाडव्याच्या सकाळी कडुलिंबाच्या फुलोऱ्याने होते. कोवळी पाने आणि फुले, गूळ, चिंच, ओवा, मिरे आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून प्रत्येकाने खायची, आणि मग मुलांसह परसात जायचे. चैत्रगौरीच्या महिन्यात आंब्याची डाळ आणि पन्हे होते; त्यासाठी लागणारी कैरी आणि डाळीवर घालायची कोथिंबीर घरचीच असावी, या हौसेपोटी आमची परसबाग उभी राहिली. त्याच दिवसांत शेवगाही शेंगांनी भरतो. त्याआधी गळालेली फुले वेचून, कांद्यावर परतून केलेली भाजी ज्यांनी खाल्ली नसेल, त्यांनी ती जरूर करून पाहावी.

विश्रामबागकरांनी मांडलेला मुद्दा मला पटतो, फक्त त्यात एक भर घालते. फाल्गुनातले वेल वैशाखाअखेर दमतात, तेव्हा पावसाळी वेलांची तजवीज अक्षय्य तृतीयेला करावी. त्या दिवशी आळी घालण्याची आपली जुनी रीत आहे. हातभर रुंद आळे खणून त्यात शेणखत आणि राख मिसळावी आणि पडवळ, तांबडा भोपळा, घोसाळे यांच्या तीन-चार बिया टोकून त्यांतले जोमदार रोप ठेवावे. मांडवाचे बांबूही त्याच वेळी रोवून घ्यावेत, कारण पाऊस लागल्यावर खड्डे घेतले तर वेलांची मुळे दुखावतात.