तिसरी-चौथीची मुलं इंग्रजी पाठ म्हणतात, पण वाचत नाहीत. वर्षाचं नियोजन कसं करावं?

चौथा_तास
नमस्कार. मराठी माध्यमाची द्विशिक्षकी शाळा आहे. तिसरी-चौथी एकाच वर्गात, पट २७, इंग्रजीची तासिका रोज ३५ मिनिटांची. मुलं कविता सुरात म्हणतात. "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" हेही धडाधड येतं. पण तोच शब्द दुसऱ्या पानावर दाखवला की वर्ग गप्प. पाठ्यपुस्तक संपवायचं तर आहेच, पण त्यातून वाचन येत नाहीये. क्रम काय ठेवावा, किती शिकवावं, काय सोडावं?

पाटीपेन्सिल
"सी ए टी" म्हणताना मूल अक्षरांची नावं घेतं. ती नावं जोडली तर 'सीएटी' होतं, 'कॅट' कधीच होत नाही. त्यामुळे मुलाला पूर्ण शब्द चित्रासारखा लक्षात ठेवावा लागतो. असे तीस-चाळीस शब्द जमतात, पुढे सगळा गोंधळ. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगळे करणं, ही पहिली पायरी.

सुरुवातीला प्रत्येक मुलाची ३ मिनिटांची तोंडी पडताळणी घ्या. १० मोठी अक्षरं, १० छोटी अक्षरं, ५ तीन अक्षरी शब्द, ३ सोपी वाक्यं. रोज ५-६ मुलं घेतली तर आठवड्यात वर्ग संपतो. त्यावरून दोन गट करा आणि इयत्ता विसरा. चौथीतलं मूल अक्षरांवर अडकलं असेल तर ते अक्षरांच्याच गटात बसेल.

अक्षरं ए-बी-सी-डी या क्रमाने घेऊ नका. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी घ्या, दोन आठवड्यांत. एवढ्या सहांतून सॅट, पॅट, टॅप, पॅन, नॅप, पिन, टिन, टिप, सिट असे शब्द लगेच वाचता येतात. अक्षरं शिकून काहीतरी वाचता येतं हे मुलाला पंधरा दिवसांत कळलं पाहिजे. नेहमीच्या क्रमात बी आणि डी जवळजवळ येतात, तोही त्रास. या दोघांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवा. पुढे आठवड्याला ३ अक्षरं. उजळणी धरून सव्वीस अक्षरांना १२ आठवडे लागतात, घाई केली तर वर्षअखेरीस पुन्हा तिथेच यावं लागतं.

आता आपल्या मुलांची खास अडचण. मराठी 'ब' मध्ये 'अ' मिसळलेला असतो. मूल 'ब-ॲ-ट' जोडायला जातं आणि 'बअ‍ॅटअ' असं काहीतरी होतं, त्यातून 'बॅट' ऐकूच येत नाही. म्हणून आवाज पाय मोडून म्हणायचा: ब्, ट्, प्. पाय मोडलेलं अक्षर मुलांना मराठीतून माहीत असतं, तोच आधार घ्या. जोडणी शिकवताना लांबवता येणारे आवाज आधी घ्या: स्स्स्-ॲ-ट्, म्म्म्-ॲ-न्. प् आणि ट् लांबवता येत नाहीत, त्यांनी सुरू होणारे शब्द नंतर.

'बॅट' आणि 'बेट', 'पॅन' आणि 'पेन' या जोड्या रोज दोन मिनिटं फक्त कानाने ओळखायला द्या. पहिला शब्द ऐकला तर उजवा हात, दुसरा ऐकला तर डावा. 'शिप' आणि 'शीप' नंतर घ्या. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, पण बोलताना तो फरक फारसा पाळत नाही, त्यामुळे ही जोडी कानाला अवघड जाते.

कानगोष्ट
वरचं सगळं मान्य, पण एक भर महत्त्वाची वाटते. मुलाने 'नॅप' अचूक वाचला आणि तो शब्द आयुष्यात कधी ऐकलेलाच नसेल, तर ते वाचन नव्हे, नुसता उच्चार झाला. म्हणून अक्षरांच्या जोडीने ऐकणं-बोलणं पहिल्या दिवसापासून हवं.

सुरुवात मुलांना आधीच येणाऱ्या शब्दांनी करा. बस, पेन, कप, बॅट, बॅग, नेट, पिन, पंप, टेबल, ग्लास, बल्ब. गावातल्या मुलाकडेही असे शंभराच्या वर शब्द असतात. फळ्यावर यादी त्यांच्याकडूनच काढा. तयार तक्त्यांवरचे 'इग्लू' आणि 'यॉट' काढून टाका, तिथे चित्रही नवं आणि शब्दही नवा. एक सावधगिरी: काही शब्दांचा अर्थ मराठीत बदललाय. 'लाइट गेली' मधली लाइट म्हणजे वीज, हे एकदा सांगावं लागतं.

तासाची पहिली ७ मिनिटं दोन्ही इयत्तांना एकत्र सूचना द्या, मुलांनी बोलायचं नाही, फक्त करायचं. स्टँड अप, टच द डोअर, पुट युअर पेन अंडर द बॅग. आठवड्याला ४ नवी क्रियापदं पुरेत. पंधरा दिवसांनी सूचना मुलांनी एकमेकांना द्यायच्या. मग १२ मिनिटं एक गट तुमच्याजवळ, दुसरा जोडीने वाचन किंवा लेखन करेल. पुढची १२ मिनिटं अदलाबदल. उरलेल्या ४ मिनिटांत तुम्ही गोष्ट वाचून दाखवा.

कर्ताकर्म
वाक्याकडे जाताना चुका कुठून येतात ते आधीच माहीत असलं तर नियोजन सोपं होतं. त्या जवळपास सगळ्या मराठीतून येतात, त्यामुळे आधी सांगता येतात.

मराठीत खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो', म्हणून मूल खुर्चीला 'शी' म्हणतं. त्याला चूक म्हणण्याआधी कारण सांगा: इंग्रजीत वस्तूला लिंग नाही, सगळ्या वस्तू 'इट'. दहा वस्तू आणि माणसांची चित्रं एकत्र करून तीन ढिगांत वाटायला लावा.

"माझ्याकडे दोन पेन आहेत" याचं शब्दशः "निअर मी टू पेन इज" होतं. "मला भूक लागली" याचं "टू मी हंग्री". इथे व्याकरण समजावू नका. 'आय हॅव' आणि 'आय ॲम' हे दोन साचे प्रत्येकी दोन आठवडे खऱ्या वस्तू हातात घेऊन बोलून घ्या.

क्रियापदाच्या जागेसाठी शब्दपट्ट्या चांगल्या. 'मी / आंबा / खातो' अशा तीन पट्ट्या तीन मुलांच्या हातात. इंग्रजीसाठी 'खातो' वाल्या मुलाने चालत मधे यायचं. तिथेच 'आय / ईट / अ मँगो' लावा. 'टेबलावर' चं 'ऑन द टेबल' करतानाही 'वर' मागून पुढे येतो, तीच युक्ती चालते.

चौथा_तास
खूप उपयोगी. दोन शंका. मुलं पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहितात, ते थांबवावं का? आणि हे सगळं करताना पाठ्यपुस्तक राहून गेलं तर?

पाटीपेन्सिल
थांबवाच. खाली 'कॅट' लिहिलेलं असलं की नजर तिथेच जाते, वरची अक्षरं बघायची गरजच उरत नाही. उच्चार एकदा फळ्यावर लिहा, म्हणून घ्या आणि पुसून टाका. वाचन खरं आहे की पाठांतर, हे तपासायला अधूनमधून 'टॅस', 'नॅस' असे निरर्थक शब्द वाचायला द्या.

पाठ्यपुस्तकाबद्दल: शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आहेत. परीक्षा, क्रीडास्पर्धा, सणवार वगळून इंग्रजीच्या १४० तासिका धरा. त्यांत प्रत्येक पाठाचा प्रत्येक स्वाध्याय बसत नाही. पाठांची यादी करून तीन खुणा करा. ज्यांतले शब्द तुमच्या अक्षरक्रमात बसतात ते मुलांनी वाचायचे. बाकीचे तुम्ही वाचून दाखवायचे आणि चित्रावर बोलायचं. लांबलचक उतारे बघून उतरवण्याचे स्वाध्याय सोडून द्या, हात चालतो, डोकं चालत नाही. चौथीच्या पुढच्या गटाला दुसऱ्या सत्रात शेवटच्या मुक्या 'ई'ची (लिहिला जातो पण म्हटला जात नाही, मधल्या स्वराचा आवाज मात्र बदलतो) ओळख द्या: टॅप-टेप, पिन-पाइन, हॉप-होप.

कानगोष्ट
घरचा अभ्यास म्हणून ६ शब्दांचं एक कार्ड द्या. घरातल्या कोणालाही वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्याने मागे टिंब करायचं. ऐकणाऱ्याला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. पालकसभेत हे जूनमध्येच सांगा, नाहीतर वहीत पानं भरलेली दिसली नाहीत म्हणून तक्रार येते.

दर ५ आठवड्यांनी तीच ३ मिनिटांची पडताळणी, शब्द मात्र १० नवे घ्या. १० पैकी ८ वाचले तर मूल पुढे. गटातली एक तृतीयांश मुलं अडकली असतील तर नवीन अक्षरं थांबवा आणि मागचा आठवडा पुन्हा घ्या.