पेरिस्टाल्टिक पंपाच्या ठोक्यानं पॅच सुटतोय, काय करू?

स्लाइसवाली: पुण्यात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या पातळ, जिवंत कापावर (स्लाइसवर) पॅच-क्लॅम्प करते, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला घट्ट चिकटवून तिचे विद्युत संकेत मोजते. स्लाइस ठेवलेल्या चेंबरमधून द्रावण वाहतं: मिनिटाला 2 मिली, 32 अंशांवर. रोलरनं नळी दाबत द्रावण ढकलणाऱ्या पंपाला 6 रोलर, वेग 20 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 2 ठोके. नोंदीच्या बेसलाइनवर (एरवी सपाट असणाऱ्या रेषेवर) बरोब्बर तेवढ्याच लाटा दिसतात. पेशी हलताना डोळ्यांना दिसते आणि दहा-बारा मिनिटांत पिपेट आणि पेशीमधलं सील तुटतं. टी-जोड लावून हवा भरलेली 10 मिलीची सिरिंज उभी केली, पण फरक जवळजवळ नाही. प्रत्येक प्रयोगामागे एक जीव गेलेला असतो. दुपारी चारला सगळं टाकून द्यायची वेळ येते तेव्हा फार लागतं.

जुना_फिजिऑलॉजिस्ट: ताई, सिरिंज बरोबर आहे, तिच्यापुढे अडथळा नाही. नळी मोकळी असली की हवा दबतच नाही आणि ठोका सरळ पुढे जातो. सिरिंज आणि चेंबरच्या मधे 27 गेजची (खूप बारीक) अर्ध्या इंची सुई बसवा. तुमच्या प्रवाहाला तिच्यातून जायला साधारण 9 किलोपास्कल दाब लागेल आणि 10 मिली हवेत साठलेला तो दाब ओसरायला वीस-पंचवीस सेकंद. अर्ध्या सेकंदाचा ठोका त्यात विरून जातो. हृदय ठोके देतं तरी केशवाहिन्यांत रक्त संथ वाहतं, तेही असंच: महाधमनी फुगते, पुढच्या बारीक धमन्या अडवतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रँकनं 1899 मध्ये हे गणितात मांडलं, आणि त्याला 'विंडकेसेल' हे नाव मिळालं ते आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीचं.
जोड लुअर-लॉकचे (फिरवून घट्ट बसणारे) घ्या, नाहीतर दाबानं निसटतील. द्रावण आधी गाळून घ्या, सुई तुंबते. सिरिंजमध्ये थोडं द्रावण चढून बसतं, औषध बदलताना ते धुवायला विसरू नका.

रिगमिस्त्री: त्याआधी एक करून बघा. आत येणारा पंप दहा सेकंद बंद ठेवा, सक्शन (चेंबरमधलं जास्तीचं द्रावण ओढून काढणारी सुई) चालू राहू द्या. थरथर तशीच राहिली तर दोष सक्शनचा. सक्शनच्या सुईचं तोंड एकदा पाणी, एकदा हवा ओढतं, चेंबरची पातळी वरखाली होते आणि तिच्यासोबत पिपेटची कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता). तोंड तिरकं कापा, पाण्याला जेमतेम टेकवा.

स्लाइसवाली: दोन्ही केलं. सेकंदाला 2 वाली लाट सुईनं गेली. उरलेली मंद हालचाल खरंच सक्शनची निघाली. आज एक पेशी 48 मिनिटं टिकली. दोघांचे मनापासून आभार. उद्या औषध धुऊन काढायला किती वेळ लागतो ते रंगीत पाण्यानं मोजते.