केल्पमध्ये पाणी शांत दिसतं, पण लाट तेवढीच?

खारावारा:
लोकहो एक शंका. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला अधूनमधून कयाक घेऊन जातो, तिथे किनाऱ्यालगत जायंट केल्पचं जंगल आहे, तळाच्या खडकाला धरलेलं शेवाळ थेट पृष्ठभागापर्यंत येतं, प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा फुगा. बाहेर वाऱ्याने नुसती खळबळ आणि आत शिरलं की तेल ओतल्यासारखं गुळगुळीत पाणी. पण मोठी लाट आली की आतही कयाक तेवढीच वरखाली. मग शेवाळ लाट अडवतं की नाही??

खाडीकाठ:
बारीक लाटा अडवतं, मोठ्या नाही. वाऱ्याची खळबळ वर पसरलेल्या पानांतच मरते. लांबून आलेली लाट मात्र दर १०-१५ सेकंदांनी पुढे-मागे होते आणि केल्प तिच्याबरोबरच झुलतं, मग घर्षण होणार कुठून. खरा अडतो तो करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, कारण तो तासन्‌तास एकाच दिशेला वाहतो, केल्प वाकून वाकून ताठ ताणलं गेलं की पुढे जाऊ शकत नाही आणि पाणी त्याला घासत जातं. सान डिएगोच्या पॉइंट लोमाचा १९८३ चा अभ्यास आहे, आतला करंट बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भरला. बाकीचं पाणी वळसा घालून जातं, कडेने कयाक नेलीस तर ओढ जाणवेल.

भटकीताई:
म्हणजे आत टर्ब्युलन्स, पाण्याची घुसळण, कमीच ना?

खाडीकाठ:
ताई तसं सरसकट नाही म्हणता येत. मोठे भोवरे आत टिकत नाहीत पण प्रत्येक देठामागे छोटे छोटे नवीन तयार होतात. आणि ते शेवाळाला हवेच असतात, पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर असतो, नायट्रेट त्यातूनच आत झिरपतं, हे भोवरे तो थर पातळ करतात, आणि तो जितका पातळ तितकं पोट भरतं. बुल केल्प म्हणून दुसरी जात आहे तिची तर गंमतच, शांत पाण्यात पानं रुंद आणि कडेला झालर, सतत फडफडत राहतात, आणि जोराच्या पाण्यात तीच जात अरुंद सपाट पानं काढते, नाहीतर फाटूनच जातील.

मालवणी_पोरगो:
पण डार्विनने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्युगोला केल्पचे पट्टे बघून लिहिलंय की हे उत्तम नैसर्गिक ब्रेकवॉटर आहेत, लाटा आत येता येता बसतात. आमच्या मालवणात पण खडकांवर सरगॅसम नावाचं शेवाळ असतं पावसाळ्यानंतर. मग दगडांचे बंधारे टाकण्यापेक्षा शेवाळच लावा की!

खाडीकाठ:
डार्विन चूक नव्हता रे, बारीक लाटा बसतातच, पण मोठ्या नाही. ९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात केल्प असलेल्या आणि नसलेल्या शेजारच्या किनाऱ्यांवर लाटा मोजल्या तर फरक नगण्य. आणि सरगॅसम तर केल्पच्या मानाने बुटकं. शिवाय हिवाळी वादळात हेच केल्प उपटून ढिगाने किनाऱ्यावर येऊन पडतं, नेमकी गरज असते तेव्हाच.

खारावारा:
हो ते ढीग बघितलेत, वास विचारू नका 😄 आता कडेने जाऊन बघतो.