अहवालातलं ‘मंजूर’ म्हणजे नक्की काय?

आमदारांच्या कार्य अहवालात नुसते भूमिपूजनाचे फोटो असतात, त्यामुळे तो वाचण्यात अर्थ नाही, असं एकाने लिहिलंय. फोटोंचं पटतं, पण न वाचण्याचं अजिबात पटत नाही. त्यातली कामांची यादी जपून ठेवा. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, २०२२ मध्ये तो वर्षाला ५ कोटी झाला. पण आमदार काम फक्त सुचवतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम करते ती बांधकाम विभाग किंवा नगरपालिकेसारखी यंत्रणा. अहवालात ‘मंजूर’ छापलेलं असतं ते बऱ्याचदा या मान्यतेपुरतंच. निविदा आणि कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा लेखी आदेश, हे त्यानंतरचे.

आमच्या वाडीच्या सभामंडपाचं हेच झालं. अहवालात नाव होतं, जागेवर दीड वर्ष नुसतं गवत. शेवटी १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला, मान्यतेची प्रत, अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश मागितला. पहिले दोन कागद आले, तिसरा निघालेलाच नव्हता! जागेच्या सातबाऱ्यावरून फाईल अडली होती, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ग्रामसभेत ते कागद वाचून दाखवले, तेव्हा कुठे जागेचा प्रश्न सुटला. तुमच्या गल्लीतल्या गटाराचं नाव यादीत असेल तर कार्यारंभ आदेशाची तारीख आधी विचारा. आणि माहिती अधिकार कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा, साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे, तोही अर्जात मागा.