मॅट फ्रेमवरचे टवके : चमक न आणता रंग कसा भरावा?

नमस्कार मंडळी,

सायकलच्या रंगाबद्दल मदत हवी आहे. अर्धा घोळ मी स्वतःच घालून ठेवलाय, तेव्हा आधी हसून घ्या आणि मग उपाय सांगा.

सायकल हायब्रिड, चार वर्षं जुनी, रंग मॅट ग्रे. ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर ती वाळताना दिसते ना, तसा. घर नाशिकला पाथर्डी फाट्याला, ऑफिस सातपूरला, आणि रविवारी त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाऊन परत. गेल्या पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला खडी सुटली होती. ती पुढच्या चाकातून उडून डाउन ट्यूबच्या (फ्रेमचा खालचा तिरका दांडा) पोटावर बसत राहिली आणि तिथे तुरीच्या डाळीएवढे पाच-सहा टवके गेले. आतला चंदेरी धातू दिसतो. उजव्या चेनस्टेचा (चेनलगतचा, मागच्या चाकाकडे जाणारा दांडा) रंग चेन आपटून आपटून सोलला गेलाय. तिसऱ्या जागचा टवका सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त खुपणारा. टॉप ट्यूबवर, म्हणजे वरच्या दांड्यावर, सीटवर बसलं की बरोबर नजरेखाली. पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरच्या ब्रेक लिव्हरने दिलेला प्रसाद.

आता घोळ. त्या टवक्याभोवती बारीक ओरखडे होते. बाबा म्हणाले, "टूथपेस्ट लाव, जातात." त्यांच्या काळच्या चकचकीत काळ्या सायकलीवर जातही असतील. मी मऊ फडक्याने दहा मिनिटं घासलं. ओरखडे गेले, आणि त्यांच्यासोबत मॅटही गेलं. आता तिथे रुपयाच्या नाण्याएवढं टक्कल पडल्यासारखं चकाकतंय.

तरी अक्कल आली नाही. बायकोच्या नेलपॉलिशमध्ये एक राखाडी शेड सापडली, टवक्यात भरली. रंग खरोखर जुळला होता हो! पण वाळल्यावर तो ठिपका असा लुकलुकायला लागला की लांबूनही कळावं. रिमूव्हरने पुसणारच होतो, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि राहिलं.

मुंबई नाक्याकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "लांबी (पुट्टी) भरून अख्खा दांडा मारून देतो साहेब, पण मॅट सेम टू सेम येईल याची गॅरंटी नाही." खरं बोलला म्हणून बरं वाटलं, पण काम दिलं नाही.

स्प्रे आणावा की ब्रशने भरावं? रंग कुठला? पावडर कोटिंगचा विचार करावा का? आणि त्या टकलाचं काय करू? मृग लागायच्या आत उरकायचंय, नंतर सायकल रोज भिजणार.

---

सातपूरवाला :

रिमूव्हर लावला नाहीत, त्या फोन करणाऱ्याला मिसळ खायला घाला. त्यात बहुधा ॲसिटोन असतं. नेलपॉलिश निघालं असतं आणि सोबत खालचा मूळ रंगही मऊ पडला असता. ते नेलपॉलिश टूथपिकने कडेपासून उचलून बघा, नीट चिकटलेलं नसतं, बऱ्याचदा पापुद्रा निघून येतो.

मी पावडर कोटिंगच्या कामात आहे, म्हणून त्याबद्दल आधी. एका टवक्यासाठी ते होत नाही. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळवून पक्की करतात. म्हणजे फ्रेम पूर्ण उघडी करायची, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट, केबल सगळं काढायचं, जुना रंग उतरवायचा. कंपनीचे स्टिकरही जाणार. फ्रेम कार्बनची असेल तर विषयच संपला, भट्टीत घालायची नाही.

आता टकलाचं कारण. मॅट हा वेगळा रंग नसतो. त्यात सिलिकासारखी बारीक पूड असते, तिच्यामुळे वाळलेला पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो आणि उजेड विखुरतो. तुम्ही टूथपेस्टने तो खडबडीतपणाच घासून सपाट केलात. त्यामुळे चमक पुसून जाणार नाही. वर मॅट क्लिअर, म्हणजे न चमकणारा पारदर्शक लॅकर, मारावा लागेल, तोही ठिपक्यावर नाही तर एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण ट्यूबवर, नाहीतर कड दिसते. आणि यापुढे मॅट फ्रेमवर कंपाउंड, पॉलिश, टूथपेस्ट काहीही घासायचं नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास.

एक काम आजच करा. फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि प्रत्येक टवक्याजवळ लावून बघा. फ्रेमला आणि फोर्कलाही (पुढचं चाक धरणारा चिमटा). मग पुढचं बोलू.

---

खडीवरून_घसरलो :

मी प्लास्टिक मॉडेल बनवतो, त्यामुळे रंगाचं सांगू शकतो. स्प्रे नको. डाळीएवढ्या टवक्यासाठी वीतभर जागेवर धूळ बसेल. मॉडेलवाल्यांचे मॅट इनॅमल, म्हणजे तेलरंग, मागवा. हंब्रोल कंपनीचा ३३ नंबर म्हणजे मॅट काळा आणि ३४ म्हणजे मॅट पांढरा, दोन छोट्या डब्यांत हवा तो ग्रे तयार होतो. टामियाचे एक्सएफ अक्षरांनी सुरू होणारे रंगही सपाट मॅट असतात. त्यातले पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घेतलेत तर या इनॅमलमध्ये मिसळू नका.

सगळ्यात जास्त लोक कुठे फसतात सांगू? डबी हलवत नाहीत. मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते. वरवरचा रंग घेतला की तो चमकतोच, आणि मग म्हणतात रंगच खोटा. काडीने तळ खरवडून चांगली पाच मिनिटं ढवळा.

ओला रंग जुळवू नका, वाळला की शेड बदलते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चार-पाच मिश्रणांचे ठिपके द्या, दुसऱ्या दिवशी उन्हात फ्रेमशेजारी धरा. टवका साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्वी सिलिकॉनवालं पॉलिश मारलं असेल तर हे जास्तच नीट करा, नाहीतर रंग आकसून मधे भोकं पडतात. मग टूथपिकच्या टोकाने थेंब मधोमध ठेवा आणि कडेपर्यंत ढकला. पातळ थर, दिवसभर वाळवायचा, पुन्हा थर. असे तीन. शेवटी जरा उंचवटा राहिला तर राहू द्या. पॉलिश पेपरने सपाट करायला गेलात की तुमचं दुसरं टक्कल तयार.

---

एमएच१५ :

टकलावर स्टिकर लावा आणि मोकळे व्हा. माझ्या आयडीचा लावलात तरी हरकत नाही.

---

धागाकर्ता :

आभार सगळ्यांचे. चुंबक लावलं. फ्रेमला कुठेच चिकटलं नाही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. फोर्कला मात्र टक्कन बसलं, म्हणजे तो स्टीलचा! चार वर्षं अख्खी सायकल "अलॉय"ची समजून चालवतोय मी. मग फोर्क उलटा करून बघितला तर डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, टायरकडे, एक टवका आणि त्यात तांबूस गंज. रंगाच्या कडेखाली नख घातलं तर अजून तांदळाएवढा पापुद्रा सुटला. इतके दिवस मी टॉप ट्यूबकडे बघत होतो!

---

सातपूरवाला :

म्हणून म्हटलं चुंबक लावा. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, ते टवके पावसाळाभर तसेच राहिले तरी घाई नाही. फोर्कचा आधी करा.

पुढचं चाक काढा. भोवती मास्किंग टेप लावा. सैल रंग सगळा उचला, गंज खरवडा, मग बारीक पेपरने कडा उतरत्या करा. इथे घासायला हरकत नाही, आतली बाजू कोण बघतंय. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर मिळतो, लावल्यावर गंज काळा पडतो. डबीवर लिहिलाय तेवढा वेळ सोडा, मग धातूचा प्रायमर, मग तुमचा ग्रे. हे सकाळी करा. दुपारी या उन्हात रंग काडीवरच घट्ट होतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेत लॅकर मारला तर वर पांढुरकी झाक येते.

गंज काढल्यावर धातूत रेघ दिसली, विशेषतः जोडाजवळ, तर रंग भरू नका आणि सायकलही चालवू नका. तो टवका नाही, तडा असू शकतो. मेकॅनिकला दाखवा.

---

धागाकर्ता :

पंधरा दिवसांनी लिहितोय. फोर्कचा गंज वरवरचाच निघाला, रेघ नव्हती. कन्व्हर्टर आणि प्रायमर मेन रोडवर मिळाला, इनॅमल ऑनलाइन मागवलं. डाउन ट्यूबचे टवके आता उकिडवं बसून शोधावे लागतात. ग्रे किंचित निळसर झालाय, माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. पहिल्या ठिपक्याला डबी नीट ढवळली नव्हती आणि तो चमकला, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. चेनस्टेला रंग भरलाच नाही, पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून गुंडाळली. चेन आपटल्याचा आवाजही कमी झाला.

टकलावर शेवटी एमएच १५ लिहिलेला स्टिकर लावला. बाबा म्हणतात, वाकडा लागलाय. लागलाय.