‘शुद्धी’, ‘भान’ की ‘अंमल’?

प्रश्नकर्ती, सातारा:
एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतील चालकांच्या हक्कांवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. तेथे मद्यपानाचा संशय आल्यास पोलीस चालकाला रस्त्याकडेला सरळ रेषेत चालायला, एका पायावर उभे राहायला सांगतात. या ‘फील्ड सोब्रायटी टेस्ट’ला मी ‘शुद्धी चाचणी’ म्हटले, तेव्हा संपादकांना तो धार्मिक विधी वाटला. ‘शुद्धीवर असणे’ घरोघरी बोलले जात असताना ‘शुद्धी’ का चालू नये?

निवृत्त शिक्षक, वाई:
माणूस शुद्धीवर येतो तो मूर्च्छेतून. प्यालेला चालक शुद्धीवरच असतो, सुटलेले असते ते भान. माझे मत मात्र ‘अंमल’ या शब्दाला आहे. मूळ अरबी ‘अमल’ म्हणजे कृती. त्यातूनच आपल्याकडे अंमलबजावणीही आली आणि अमली पदार्थही. शाहू महाराजांचा अंमल आणि दारूचा अंमल यांत शब्द एकच आहे, कारण दोन्हीकडे सत्ता कोणाची चालते, हाच प्रश्न असतो. ‘अंमल चाचणी’ लिहावे.

वकील, सांगली:
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु आपल्या वाचकाची त्याने दिशाभूल होईल. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम 185 मद्याबाबत भान किंवा अंमल पाहतच नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क चाचणीत आढळला की गुन्हा होतो, मग चालक दोरीवरून चालून दाखवो. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, ही कसोटी त्याच कलमात अमली पदार्थांसाठी आहे. ‘हक्क’ हा शब्दही जपून वापरावा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत रेषेवर चालण्यास नकार देता येतो. आपल्याकडे गणवेशातील पोलिसाला वाजवी संशय असताना श्वासाचा नमुना नाकारला, तर कलम 203 प्रमाणे विनावॉरंट अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसेल तर तो नकार खटल्यात विरुद्ध धरला जाऊ शकतो. खरे संरक्षण पुढच्या पायरीवर आहे: रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचे, आणि चालक स्त्री व डॉक्टर पुरुष असेल तर दुसऱ्या स्त्रीच्या समक्षच.

मालवाहतूकदार, कऱ्हाड:
महामार्गावरच्या नाकाबंदीत आम्हाला ‘फुंका’ एवढेच सांगतात. फुंकायच्या त्या यंत्राला तुम्ही ‘श्वासविश्लेषक’ छापलेत, तर मजकूर आपल्याविषयी आहे हे माझ्या चालकाला कळणार नाही.

निवृत्त शिक्षक, वाई:
फुंकतात ती विडी, किंवा वडिलोपार्जित जमीन. कायद्याच्या मजकुरात प्रतिष्ठित शब्द हवा. ‘श्वासचाचणी’ कोणालाही कळेल.

मालवाहतूकदार, कऱ्हाड:
चुलीत फुंकणारी आई अप्रतिष्ठित होती काय? ज्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, त्याच्या तोंडचा शब्द त्याच्या कागदावर असलाच पाहिजे.

प्रश्नकर्ती, सातारा:
माझा लेख अमेरिकेतील रेषेवर चालण्याविषयी आहे, तो शब्द अजून मिळालेला नाही.

वकील, सांगली:
‘तोल चाचणी’ म्हणा, परंतु अशी चाचणी आपल्या अधिनियमात नाही, हे तळटीपेत अवश्य लिहा.

निवृत्त शिक्षक, वाई:
तोल एका पायावर उभे राहण्यात दिसतो, डोळ्यांची हालचाल पाहतात त्या नजरेच्या चाचणीत नाही. ‘अंमल’ सोडू नये.

मालवाहतूकदार, कऱ्हाड:
यंत्राची तोंडात धरायची नळी प्रत्येकाला नवी मागता यावी, म्हणून तिला काय म्हणायचे तेही ठरवा. आम्ही ‘नळी’ म्हणतो.

निवृत्त शिक्षक, वाई:
‘मुखनलिका’.